१२०० किलोमीटर, ९० तास: लांब ब्रेव्हे कशी पार पडते

१२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राईड, ९० तासांत पूर्ण करायची असते. सकाळी सहाला निघालात तर चौथ्या दिवशी रात्री बारापर्यंत परत यायचं. घड्याळ एकदा सुरू झालं की झोप, जेवण, पंक्चर, पाऊस, कशासाठीही थांबत नाही. सरासरी काढली तर ताशी १३.३३ किलोमीटर पडते. रोजच्या सरावात ताशी २५ नं जाणाऱ्याला हा वेग अगदीच किरकोळ वाटतो. पण तिसऱ्या दिवशी दुपारी, बेळगावच्या अलीकडे, वारा तोंडावर घेत तोच माणूस ताशी १४ नं चाललेला असतो आणि प्रत्येक थांब्याची मिनिटं मोजत असतो.

अंगात काटकपणा यावा, मनाचा कस लागावा म्हणून अनेक जण याकडे वळतात. हेतू चांगलाच आहे. मात्र दातओठ खाऊन सोसत राहिलं की जमतं, अशी समजूत घेऊन आलेला माणूस बहुधा अर्धी वाट ओलांडल्यावर सोडतो. पूर्ण करणाऱ्यांकडे नीट पाहिलं तर ते फार सोसताना दिसत नाहीत. गुडघा जरा कुरकुरला की ते उतरून सीटची उंची बघतात, भूक लागायच्या आधी खातात, आणि थकल्यावर जे निर्णय घ्यावे लागतील ते घरीच, कागदावर घेऊन आलेले असतात. ब्रेव्हेतून जो चिवटपणा येतो तो या सवयींतून येतो, असं आमचं ठाम मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रेव्हे ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या मार्गानं, स्वतःच्या बळावर अंतर पूर्ण करायचं, एवढंच. १९०४ साली स्थापन झालेला 'ओदॅक्स क्लब पारिसियाँ' हा फ्रान्समधला क्लब २०० ते १००० किलोमीटरच्या ब्रेव्हेंना मान्यता देतो. १२०० आणि त्यापुढच्या अंतरांसाठी १९८३ पासून 'ले रँडोनूर माँदिओ' ही संस्था आहे. भारतात हे काम 'ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स'मार्फत चालतं, आणि पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या भागांत हिवाळाभर ब्रेव्हे होत असतात. सगळ्यांची मूळ प्रेरणा 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस'. ती १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते. मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये आहे.

थेट १२०० ला कुणी उतरत नाही, उतरूही नये. आधीची शिडी अशी: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या एकाच हंगामात ही चारही अंतरं पूर्ण केली की 'सुपर रँडोनिअर' किताब मिळतो. प्रत्येक पायरीवर शिकायचं वेगळं असतं. २०० मध्ये चालत्या सायकलवर खाणं-पिणं बसतं. ३०० मध्ये दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि अंधारातला वेग यांचा अंदाज येतो. ४०० मध्ये अख्खी रात्र सायकलवर जाते आणि पहाटे तीन ते पाच ही वेळ काय असते ते कळतं. ६०० मध्ये मात्र खरी परीक्षा: दोन-तीन तास झोपून उठल्यावर सुजलेल्या, सोललेल्या बैठकीनं परत सीटवर बसायचं. १२०० मध्ये हे तीनदा करायचं असतं. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, निदान दोन वेगवेगळ्या ६०० करा, त्यातली एक पावसाळ्यातली असू द्या, आणि मगच १२०० चा अर्ज भरा.

सरावाचा आराखडा साधा आहे. मंगळवार आणि गुरुवारी तास-दीड तास, त्यातला एक दिवस चढाचा. पुण्यातल्यांना बोपदेव, दिवे घाट, सिंहगड आहेतच. शनिवार-रविवार लांब राईड. शेवटच्या तीन महिन्यांत महिन्यातून एकदा दोन्ही दिवस सलग प्रत्येकी दीडशे किलोमीटर. एका दिवसात अडीचशे मारून दुसऱ्या दिवशी लोळण्यापेक्षा दीडशे अधिक दीडशे कितीतरी उपयोगी, कारण थकलेल्या पायांवर बसायची सवय लागते. घरी आठवड्यातून दोनदा पोट, पाठ आणि नितंबांचे व्यायाम: प्लँक, ब्रिज, स्क्वॉट. कंबर आणि मान सायकल चालवून तितकीशी बळकट होत नाहीत, आणि १२०० मध्ये पायांच्या आधी बहुतेक तीच दगा देतात. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणा. जागरणाचा सराव करू नका; त्यानं शरीर शिकत काहीच नाही, फक्त झिजतं. उलट शेवटचा आठवडा रोज तासभर जास्त झोपा.

आता सायकल. कार्बन हवीच असं काही नाही. बरेच जण साध्या अॅल्युमिनियम किंवा स्टीलच्या सायकलीवर पूर्ण करतात. टायर मात्र २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत. फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ घाला. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय हवा पुरते, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. शंभरपर्यंत भरलेली हवा पहिल्या दिवशी वेगवान वाटते आणि दुसऱ्या दिवशी तळहातांना, पाठीला तिची किंमत मोजावी लागते. निघायच्या आधी महिनाभर टायर, चेन, ब्रेक पॅड आणि गिअरच्या केबल नव्या घालून त्यांवर निदान २०० किलोमीटर चालवून घ्या. आदल्या दिवशी काहीही नवं बसवू नका. केबलबद्दल खास सांगायला हवं: अनेक रोड शिफ्टरमध्ये मागच्या गिअरची केबल लीव्हरच्या आत, डोक्याजवळ, एकेक तार तुटत झिजते. बाहेरून काही दिसत नाही, गिअर बदलायला जरा जड लागतो, आणि मग एका क्षणी तुटते. तुटलेलं डोकं शिफ्टरमध्ये अडकलं तर रस्त्यावर काढणं फार कठीण. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेव्हा सगळ्यात छोट्या चाकावर जाऊन बसतो आणि पुढचे सगळे चढ त्याच जड गिअरवर काढावे लागतात.

बरोबर काय घ्यायचं? तीन ट्यूब, पॅच किट, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, हातपंप (गॅसच्या नळकांड्या संपतात, पंप संपत नाही), मल्टिटूल, चेन तोडायचं हत्यार, दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), स्पोक-चावी, सहा-सात केबल टाय, थोडी इन्सुलेशन टेप, आणि तुमच्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर. हा हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, गावातल्या सायकल दुकानात मिळत नाही. सायकल उजवीकडे पडली की वाकतो तो हाच. टायर उभा चिरला तर आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापून घेतलेला तुकडा ठेवा. दोन मागचे लाल दिवे, एक ४०० ल्युमेनच्या वरचा पुढचा दिवा आणि एक छोटा राखीव. हिवाळ्यात अंधार जवळजवळ बारा तासांचा असतो, त्यामुळे दिवा कोणत्या पातळीवर किती तास चालतो हे घरी एकदा घड्याळ लावून मोजा. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. २०,००० एमएएचची पॉवर बँक, आणि केबल दोन, कारण हरवते ती नेमकी केबलच.

उदाहरणादाखल पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ नं दक्षिणेला जाऊन परत यायचा मार्ग घेऊ. ढोबळ अंतरं अशी: सातारा ११०, कोल्हापूर २३०, बेळगाव ३४०, हुबळी ४३०, हावेरी ५०५, दावणगेरे ५७५, आणि ६०० वर, दावणगेरे-चित्रदुर्गाच्या दरम्यान, वळायचं. कागदावरचं वेळापत्रक असं बसतं. पहिल्या दिवशी सकाळी सहाला सुटून रात्री बाराला बेळगाव. पहाटे चारला बेळगाव सोडायचं, संध्याकाळी सातच्या पुढे वळणबिंदू, रात्री नऊला परत दावणगेरे, म्हणजे ६२५ झाले. मध्यरात्री दोनला निघून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बेळगाव, ८६०. तसंच पुढे रात्री बाराला कोल्हापूर, ९७०. पहाटे चारला निघून संध्याकाळी सातला पुणे. एकूण ८५ तास, हाताशी पाच.

हे पाच तास म्हणजे चैन नव्हे. दोन पंक्चर, एक चुकलेलं वळण, एक बिघडलेलं पोट यांतच ते जातात. वेळापत्रकात वेग रोज कमी धरलाय हेही बघा: पहिल्या दिवशी चालता वेग २२, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवशी १९, चौथ्या दिवशी १८. चारही दिवस २२ धरणाऱ्याचा आराखडा दुसऱ्या संध्याकाळीच कोलमडतो आणि मग 'आपण मागे पडलो' या विचारानंच माणूस खचतो. प्रत्येक कंट्रोल, म्हणजे वाटेवरचं नोंदीचं ठिकाण, बंद व्हायची वेळ ब्रेव्हे कार्डावर छापलेली असते. ती तारखेसकट हँडलबारच्या स्टेमवर चिकटवून ठेवा, कारण तिसऱ्या रात्री मनातल्या मनात तासांची वजाबाकी जमत नाही. कंट्रोलवर शिक्का, सही आणि वेळ घ्यायची. जिथे माणूस नसतो तिथे आयोजक सांगतील त्याप्रमाणे एटीएमची पावती किंवा फोटो. पावतीवर वेळ छापली आहे का, ते तिथंच बघा. कार्ड झिपच्या पिशवीत, अंगावरच्या खिशात. सायकलवरच्या बॅगेत नको.

मागे-पुढे स्वतःची गाडी ठेवता येत नाही. बाहेरची मदत घेतलीच तर ती फक्त कंट्रोलवर. आपण भरून दिलेली ड्रॉप बॅग मात्र आयोजक बहुधा पुढे पोचवतात. या मार्गावर बेळगाव दोनदा लागतं, ३४० आणि ८६० वर, त्यामुळे तिथली बॅग सर्वांत मोलाची. आत मुक्कामागणिक वेगळी झिपची पिशवी करा आणि वर मोठ्या अक्षरांत किलोमीटर लिहा: एक शॉर्ट्स, एक जर्सी, मोजे, एक ट्यूब, क्रीम, चार्ज केलेल्या बॅटऱ्या, खाऊ. मध्यरात्री पेंगत असताना अख्खी बॅग उपसत बसलात तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

पहिला दिवस सगळ्यांचा छान जातो, आणि तोच धोका असतो. कात्रजचा चढ, मग शिरवळच्या पुढे खंबाटकी. घाट हलक्या गिअरवर, बसूनच चढा. पुढे कोण गेलं ते बघू नका. श्वास इतकाच लागावा की पूर्ण वाक्य बोलता यावं. निपाणीच्या पुढचा तवंदी घाट अंधारात लागतो आणि तोवर पायांत २७० किलोमीटर असतात, हे सकाळीच ध्यानात ठेवून दमानं घ्या. परतताना खंबाटकीला बोगद्यातून यावं लागतं: आत शिरण्याआधी थांबून दिवे लावा, गॉगल काढा, मागून ट्रकचा कळप येत असेल तर तो जाऊ द्या. बोगद्यापलीकडच्या उतारावरच्या वळणांवर वेग आवरा.

खाण्याचं गणित हे या सगळ्याचं मूळ आहे. ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एक केळं आणि चार-पाच खजूर झाले की पन्नासच्या आसपास होतात. वर चिक्कीचा एक तुकडा किंवा राजगिऱ्याचा लाडू. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावा आणि भूक असो-नसो दोन घास खा. भूक लागल्यावर खाल्लेलं पायांत उतरायला उशीर लागतो, तोवर वेग गेलेला असतो आणि चिडचिड सुरू झालेली असते. पाणी उन्हात ताशी अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं: बोटं सुजतात, मळमळतं, डोकं जड होतं, आणि माणूस 'पाणी कमी पडतंय' म्हणून आणखी पाणी पितो. म्हणून एका बाटलीत पाणी, एकीत ओआरएस. ओआरएस जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचंच घ्या. एक लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम असतात: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. तयार गोड पेयांच्या खोक्यांत मीठ नावापुरतंच असतं.

पोट मात्र दुसऱ्या दिवसापासून गोडाला विटतं. तेव्हा दहीभात, इडली, साधं वरण-भात, उकडलेलं अंडं, मीठ लावलेला बटाटा. कर्नाटकात शिरल्यावर दहीभात जवळजवळ प्रत्येक हॉटेलात मिळतो, ही मोठी सोय. कोल्हापुरात मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा खुणावतो. तो ब्रेव्हे संपल्यावर खायला परत जा. तिखट-तेलकट खाऊन पुढचे शंभर किलोमीटर छातीत जळजळ घेऊन वाकून बसणं फार वाईट. दावणगेऱ्याचा बेण्णे डोसाही लोण्यानं माखलेला असतो. झोपायच्या आधी एखादा चालेल, सायकलवर बसायच्या आधी नको.

या रस्त्यावरची बहुतेक पंक्चरं खिळ्यांनी होत नाहीत. ट्रकचे टायर फुटून त्यांतल्या पोलादाच्या केसासारख्या तारा रस्त्याकडेच्या पट्टीवर पसरलेल्या असतात, आणि आपण चालवतो नेमके त्याच पट्टीवरून. म्हणून पट्टीवर रबराचे तुकडे दिसले की मागचं बघून थोडं आत या. पंक्चर झालंच तर आधी रस्ता सोडून कठड्यापलीकडे जा, मागचा दिवा चालू ठेवा. मागचं चाक असेल तर काढण्याआधी चेन सगळ्यात छोट्या चाकावर आणा. ट्यूब काढली की तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधा आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या जागेवरून टायरशी जुळवून बघा, म्हणजे टायरमध्ये काटा कुठे आहे ते समजतं. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायचं ते यासाठीच. मग टायरच्या आतून बोट नव्हे, रुमाल फिरवा. तार असेल तिथे धागा अडकतो. ही तार बाहेरून दिसत नाही, आत जेमतेम दोन मिलिमीटर डोकावते, आणि नखानं निघत नाही. भुवयांचा छोटा चिमटा बरोबर असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. तार न काढता नवी ट्यूब घातली की दहा किलोमीटरवर पुन्हा खाली बसलात, आणि तेव्हा चाकाबरोबर उमेदही जाते.

भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे, ती जागेवर घ्या. शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चावली. टायरची शेवटची वीतभर कड अंगठ्यांनी बसवा. तिथे लिव्हर घातला की नवी ट्यूब हमखास चिमटते. हातपंपानं पुरेशी हवा भरायला दोनशेच्या वर झटके लागतात. ते मोजून मारा, घाई करू नका. व्हॉल्व्ह वाकडा होतो तो घाईनंच.

महिलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची चड्डी) काढायला वेळ लागतो आणि महामार्गावर स्वच्छतागृहं सगळीकडे नाहीत, म्हणून अनेक जणी पाणी कमी पितात. हे अजिबात करू नका. मोठे पेट्रोल पंप आणि कुटुंबं थांबतात अशी हॉटेलं नकाशावर आधीच खुणावून ठेवा, आणि मागून उघडणारी किंवा वेगळी कमरेची शॉर्ट्स घ्या. पाळीच्या तारखा जवळ असतील तर लागणारं सामान प्रत्येक मुक्कामाच्या पिशवीत हवं.

दुसऱ्या दिवसाची दुपार वाऱ्याची. हावेरीच्या पुढे पठार मोकळं होत जातं, आणि चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर एवढ्या पवनचक्क्या आहेत त्या उगाच नाहीत. समोरचा वारा असला की वेगाचा आकडा बघणं सोडा, कोपरं वाकवून हात खालच्या दांड्यावर आणा आणि पायांचा फेरा मिनिटाला ८० च्या आसपास ठेवा. दोघे-तिघे असाल तर पाच-पाच मिनिटं आळीपाळीनं पुढे रहा. मागे चिकटून जाताना मधूनमधून नजर पुढच्याच्या खांद्यावरून रस्त्यावर न्या. फक्त त्याच्या चाकाकडे बघत राहिलं की डुलकी लागते.

झोपेवर आमचा कटाक्ष आहे: तीन मुक्काम, प्रत्येकी निदान तीन तास डोळे मिटलेले. आल्याबरोबर क्रम ठरलेला असावा: दिवे चार्जिंगला, अंघोळ, जेवण, गजर, झोप. अंघोळ टाळू नका, कारण बसण्याच्या जागेवरच्या फोडांचं कारण घाम, घर्षण आणि जंतू हे तिन्ही एकत्र येणं. धुवा, पूर्ण कोरडं करा, झोपताना मोकळं राहू द्या. सकाळी नवी शॉर्ट्स, आत अंतर्वस्त्र नाही, आणि क्रीम किंवा व्हॅसलीन भरपूर. पहिली चुरचुर जाणवली की पुढच्या थांब्यावरच क्रीम लावा. वीस किलोमीटर थांबलात तर कातडी गेलेली असते.

पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान उतरलेलं असतं आणि झोप अनावर होते. डिसेंबर-जानेवारीत धारवाड-बेळगावच्या पट्ट्यात गारठाही चांगला लागतो, वारा अडवणारं जॅकेट हवंच. डोळे उघडे असून रस्त्याचा मधला तुकडा आठवत नाही, पांढरी पट्टी दुहेरी दिसते, सायकल आपोआप आत सरकते, ही लक्षणं दिसली की त्या क्षणी उतरायचं. पेट्रोल पंप किंवा उघडा ढाबा गाठा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. कॉफीचा अंमल चढेपर्यंत झोप होते आणि उठल्यावर दोन्ही उपयोगी पडतं. गाणी, गप्पा, तोंडावर पाणी यांनी दहा मिनिटं निघतात, तास निघत नाही.

तिसऱ्या दिवशी शरीराकडून तक्रारी येतात, आणि त्या वाचायला शिकावं लागतं. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट खाली आहे किंवा गिअर जड. मागे दुखलं तर सीट वर आहे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा, आणि मूळ जागा आधी टेपनं खुणावून ठेवा. करंगळी आणि अनामिका बधिर होते ती तळहाताच्या बाहेरच्या कडेला नस दाबली गेल्यामुळे; दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला, दांड्यावर दुहेरी टेप गुंडाळा. तळवे जळू लागले तर बुटांचे पट्टे सैल करा, पाय दुपारनंतर सुजतात. मान उचलता न येणं ही यातली सर्वांत अवघड अवस्था. हिला 'शर्मर्स नेक' म्हणतात. १९८३ च्या 'रेस अॅक्रॉस अमेरिका'मध्ये, म्हणजे अमेरिका आडवी पार करायच्या सायकल शर्यतीत, मायकेल शर्मर यांची मान अशी कोसळली होती. मान एकदा पडली की राईडमध्ये परत येत नाही. म्हणून जड होऊ लागली तेव्हाच हँडलबार वर घ्या, हेल्मेटवरचा दिवा काढून टाका, प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं पाठीवर आडवे व्हा.

मन याच सुमारास फिरतं. आठशेच्या आसपास 'हे सगळं कशासाठी' हा प्रश्न हमखास येतो, बहुधा उपाशीपोटी किंवा पहाटे. यावर आमच्याकडे एक नियम आहे: सोडायचा निर्णय रात्री घ्यायचा नाही, आणि खाऊन, वीस मिनिटं झोपून, पुढचा कंट्रोल गाठल्याशिवाय घ्यायचा नाही. दहापैकी बऱ्याच वेळा तो प्रश्न इडलीच्या दुसऱ्या प्लेटबरोबर विरतो. पुढे चारशे उरलेत असा हिशोब करू नका; पुढचा टोल नाका, पुढचं गाव, पुढचा चहा, एवढंच धरा. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर. एवढं अंतरही असेच तुकडे पाडल्याशिवाय डोक्यात मावणारं नाही.

काही लक्षणांपुढे मात्र हा नियम लागू नाही. छातीत दुखणं, उलट्या थांबत नसणं, लघवी कोलासारखी गडद होणं, सोबत्याला बोलण्यात गोंधळ जाणवणं, झोपूनही न जाणारे भास: लगेच थांबा, आयोजकांना फोन करा, दवाखाना गाठा. कार्डावर 'डीएनएफ' (पूर्ण केली नाही) लागण्यात कमीपणा काहीच नाही. पुढचा हंगाम असतोच.

शेवटच्या दिवशी साताऱ्यापासून पुढे पुण्याकडची वाहतूक वाढते, वीकेंड असेल तर फारच. घर जवळ आल्याच्या भरात लक्ष उडतं, म्हणून शिरवळला पोट भरून खा आणि दहा मिनिटं बसा, वेळ हातात नसला तरी. पोचल्यावर आधी कार्ड भरून, सही करून द्या. मान्यतेचा क्रमांक यायला काही महिने लागतात, तोवर पावत्या आणि राईडचा जीपीएस ट्रॅक जपून ठेवा. घरी जायला गाडी स्वतः चालवू नका. ९० तासांत दहा-अकरा तास झोपलेला माणूस सिग्नललाही झोपतो. कुणाला तरी आधीच बोलावून ठेवा.

पुढचा आठवडा पायांवर सूज आणि भूक दोन्ही राहते. प्रथिनं घ्या, चाला, पण सायकल नको. बोटांतला बधिरपणा दोन-तीन आठवडे टिकू शकतो. सहा आठवड्यांनंतरही करंगळीत जोर नसेल, शर्टाचं बटण लावायला त्रास होत असेल, तर नसांच्या डॉक्टरांना दाखवा. चेन काढून धुवा, ती किती ताणली गेली ते मोजा, टायरमध्ये अडकलेल्या तारा चिमट्यानं काढा आणि कुठला भाग कुठल्या किलोमीटरला कुरकुरला ते वहीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी काहीच आठवत नाही, आणि पुढच्या वेळी तीच वही सगळ्यात कामाची असते.